अप्पांचा पुकारा

टाइप करताना अप्पा कळफलकाकडे बघत नसत, यात विशेष काही नाही. चांगल्या टंकलेखकाला तेवढं जमतंच. पण अप्पा कागदाकडेही बघत नसत. ते बघत समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे. अंबाजोगाईच्या कोर्टाबाहेर, लिंबाखाली टेबल टाकून त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. प्रतिज्ञापत्र करून घ्यायला आलेला माणूस बोलत असायचा, खाली अप्पांची बोटं खडखडत असायची आणि डोळे त्या माणसाच्या डोळ्यांत रुतलेले असायचे. "मानूस कुठं अडखळला ते आधी बोटाला कळतं," असं ते म्हणत. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट, आणि नखं इतकी बारीक कापलेली की बघणाऱ्याच्या बोटांना हुळहुळावं.

मी त्यांना ओळखू लागले तोवर कोर्ट सुटलं होतं आणि मंडी बाजारातल्या एका माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास चालू होता. तुमच्याही गावात असा एक क्लास असेलच. जिन्यातच खडखडाट ऐकू यावा, आणि वर गेल्यावर नोकरीच्या आशेवर बसलेली पोरं ओळीनं दिसावीत. पण नोकऱ्यांच्या जाहिराती आटल्या आणि पोरं विचारू लागली, "कंप्युटर हाय का?" अप्पांनी निम्म्या जुन्या मशिनी विकल्या, एक कंप्युटर आणला, त्याला हार घातला आणि धूळ बसू नये म्हणून वर माईंचं जुनं इरकली लुगडं पांघरलं. माई म्हणजे त्यांच्या घरच्या. त्या माडीच्या मागच्याच दोन खोल्यांत हे जोडपं राहत असे. एकुलता मुलगा पुण्याला इंजिनिअर होऊन गेला, तो गेलाच. त्याचा विषय निघाला की अप्पा एवढंच म्हणत, "शिकवलं की उडतेत."

मी बीएस्सी होऊन घरी बसले होते. आमचं भुसार दुकान क्लासच्या समोरच, त्यामुळे अप्पा वडिलांचे, म्हणजे नानांचे, जुने स्नेही. एक दिवस दुकानात येऊन ते नानांना म्हणाले, "पोरीला तराजूपुढं कावून बसवता? माझ्याकडं पाठवा. शैला माझीच हाय." नाना भिडस्त. दुसऱ्या दिवसापासून मी क्लासमध्ये शिकवू लागले. 'शैला माझीच हाय' हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दुसऱ्याच्या मुलीला आपली म्हणणारा माणूस आपल्याकडे लगेच थोर ठरतो, आणि मीही त्यांना थोर ठरवून मोकळी झाले.

अप्पांकडे आणखी एक काम होतं, समाजाच्या वधू-वर मंडळाचं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत कार्डं भरलेली, एका डब्यात मुलं, दुसऱ्यात मुली. कुणी येऊन म्हणायचं, "पदवीधर पायजे, परळी-लातूरकडची असली तर बरं," की अप्पा डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि दुपार जायची. मी म्हटलं, हे कंप्युटरवर घालू. त्यांना नोंदी ठेवायचं डीबेस नावाचं जुनं सॉफ्टवेअर थोडं येत होतं. पण मला एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर नवीनच चीज सापडली होती. सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. वेगळा सर्व्हर लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. पायथॉन नावाच्या भाषेत चार ओळी लिहायच्या, त्या फाइल उघडतात, तिला प्रश्न विचारतात आणि उत्तर आणून देतात.

"पायथॉन म्हंजे?" अप्पांनी विचारलं.

"अजगर."

"भाषेला सापाचं नाव कावून ठिवलं?" मग स्वतःच विचार करून म्हणाले, "असू दे. साप तर साप. आपल्या शंकराच्या गळ्यातलाच हाय."

मी त्यांना शिकवलं असं म्हणण्यापेक्षा मी सांगत गेले आणि त्यांनी ते सगळं कोर्टात नेऊन बसवलं, हे जास्त खरं. कनेक्ट म्हणजे कोर्टाचं दार उघडलं. कर्सर म्हणजे शिपाई. एक्झिक्यूट म्हणजे शिपायानं बाहेर येऊन केलेला पुकारा: अमुक गावची, अमुक शिकलेली, अमुक वयाच्या आतली, हाजिर हो. आणि फेचऑल म्हणजे जे हजर झाले त्यांना आत घेणं. शेवटी क्लोज, कोर्ट उठलं. मी पुढे पुष्कळ पुस्तकं वाचली, पण इतकं स्वच्छ कुणी समजावलं नाही. आजही कुणाला शिकवताना माझ्या तोंडून शिपाईच निघतो, आणि निघाला की मला राग येतो.

पहिल्या आठवड्यात आम्ही सबंध दिवस कार्डं भरली आणि सकाळी बघतो तर फाइल कोरी. कमिट करायचं राहिलं होतं. मी रडायच्या बेतात. अप्पा म्हणाले, "अर्ज लिवला, पर सही न्हाई केली. मग दाखल कसा व्हईल? चल, परत लिवू." आणि खरोखरच डबे उघडून परत बसले. मी वाचायचे, ते बडवायचे. वीज गेली की माई धपाटे आणि दही आणून ठेवायच्या. मी माझ्या बापाबरोबर कधी इतकं हसले नाही, जितकं त्या माडीवर हसले. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की हा माणूस पहिल्यापासून तसाच असणार. तसा तो नव्हता.

फाइल तयार झाली. तिच्यावर आम्ही दोन प्रोग्रॅम केले. एक नोंदी भरायचा, तो माझा. दुसरा यादी काढायचा. तोही मीच लिहिला होता, पण चालवत अप्पा. याला कारण होतं. मुलाकडचे लोक यादी मागायला आले की लग्नाच्या वयाच्या मुलीनं तिथं बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बसली तर स्वतःला दाखवायला बसली असं होतं. जिन्यात अनोळखी चपला वाजल्या की मी उठून आत माईंकडे जायची, भाजी निवडायची, आणि बाहेर अप्पा पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत यादी काढायचे. मला त्यात कधी गैर वाटलं नाही. उलट मान ठेवतात असं वाटायचं.

माझी स्वतःची नोंदही त्यांनीच केली. नानांनी सांगितलं तेव्हा मी लाजून उठू लागले, तर मला बसवून घेतलं. "नोंदनीला यकटी तूच पक्षकार हाईस. बस." शिक्षण, उंची, मामाचं आडनाव. रंग विचारल्यावर मी म्हटलं, सावळा. त्यांनी माझ्याकडे बघत 'गव्हाळ' असं टाइप केलं आणि म्हणाले, "कोर्टात वकील बी येवढं करतो." माझा नोंदणी क्रमांक सत्तावन्न आला. मग मी कमिट केलं.

त्यानंतर काही झालं नाही. खरोखर काहीच नाही. माझ्या बरोबरच्या, माझ्या मागून नोंदवलेल्या, बारावी नापास झालेल्या मुलींना पाहुणे येत होते. त्यांच्या याद्यांचे कागद मीच प्रिंटरमध्ये भरत होते. आमच्या दारात मात्र कुणी फिरकलं नाही. सुरुवातीला मला बरंच वाटलं. मला पुण्याला जाऊन पुढं शिकायचं होतं, लग्नाची घाई मला नव्हती. पण वर्ष गेलं, मग दुसरं गेलं, आणि घरात माझ्याकडे बघायची पद्धत बदलली. आईनं सोमवार धरले. नाना मठातल्या स्वामींना विचारून आले. आजोळची माणसं म्हणू लागली, पोरगी दिवसभर मशीनपुढं बसती म्हणून हे. धाकटीला परळीचं चांगलं स्थळ सांगून आलं, ते नानांनी परत पाठवलं, थोरली बसलेली असताना धाकटीचं कसं करायचं म्हणून. त्या दिवसापासून धाकटी माझ्याशी बोलेना. मी आरशापुढं उभी राहून स्वतःत खोट शोधू लागले, आणि शोधणाऱ्याला खोट सापडतेच.

या काळात अप्पा आमच्याकडे येत. दुकान बंद झाल्यावर ओसरीवर बसून नानांबरोबर चहा पीत. नाना विचारत, "अप्पा, आमच्या पोरीचं कुटं काई?" अप्पा बशी खाली ठेवून म्हणत, "योग यावा लागतो, नाना. देव हाय." मी आतून ऐकत असे आणि मला वाटे, निदान हा एक माणूस आपल्या बाजूचा आहे.

मग धारूरला एक लग्न होतं. आईबरोबर मीही गेलते. पंगतीत आईच्या शेजारी धारूरच्याच एक दुकानदारीणबाई बसल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "ही थोरली का? कुटं दिली?"

"अजून न्हाई दिली," आई म्हणाली. हे सांगताना ताटाकडं बघायची सवय लागली होती तिला.

"आँ? मग यादीत कसं न्हाई नाव? मी दोनदा यादी आणली अप्पाकडनं. माझा पोरगा मास्तर हाय, त्याला शिकल्याली, कंप्युटर येनारीच पायजे व्हती. मी सोता विचारलं, कंप्युटरवाली कुनी हाय का? अप्पा म्हनले, यादीत बघा, हाय ते समदं यादीतच हाय." मग बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता ठरलं आमचं. गेल्या महिन्यात सुपारी फुटली."

आईला काही कळलं नाही. तिला वाटलं, बाई वेंधळी आहे. मी मात्र अजून अप्पांच्या बाजूनं कारणं शोधत होते. माझी ओळ चुकून पुसली गेली असेल. वयाचा रकाना रिकामा राहिला असेल. माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक असेल. परत येताना घाटात एसटी बंद पडली, सगळे उतरून दगडांवर बसले, आणि मी मनातल्या मनात माझ्या प्रोग्रॅममधली चूक शोधत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासला गेले. टायपिंगची बॅच चालू होती, अप्पा पोरांमधून फिरत होते. मी कंप्युटरवरचं लुगडं काढलं, फाइल उघडली आणि हातानंच प्रश्न टाइप केला: क्रमांक सत्तावन्न. उत्तर लगेच आलं. माझं नाव, माझं शिक्षण, गव्हाळ रंग. सगळं जागच्या जागी. मग मुलाकडच्यांना द्यायची यादी काढली. छपन्नच्या खाली अठ्ठावन्न.

मी यादीचा प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडला. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, सगळं मी लिहिलं होतं तसंच. फक्त माझ्या अटींच्या शेवटी एक अट जोडलेली होती: अँड क्रमांक सत्तावन्न नसावा. एक चूक नाही, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. अप्पांचं टायपिंग होतं ते.

मान वर केली तर ते माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"अप्पा, हे काय हाय?"

"काढतो ते," ते म्हणाले.

"कवापासून हाय?"

पोरांच्या मशिनी चालू होत्या, त्या आवाजात आमचं कुणाला ऐकू जात नव्हतं. अप्पा म्हणाले, "मंडळाच्या पयल्या वधू-वर मेळाव्यानंतर. तुला मागनी आलती लगेच. निलंग्याची. बरी मानसं व्हती."

"मग?"

"मी तुला पुसलं न्हाई, पोरी. तुझी ओळ तशीच हाय, बघितली की न्हाई तू? मी नुसता पुकारा केला न्हाई."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, खरंच की, पुसलं तर नाही. मग मी भानावर आले. मी विचारलं, "कावून पण?"

"तू गेल्यावर हे कोन बघनार? मला येतंय का येवढं? आन् तू तरी काय करनार व्हतीस तितं, भाकरी थापनार. माई बी म्हनती, शैला आली की घर भरल्यावानी वाटतं."

मला अजूनही ठरवता येत नाही की यातलं कुठलं कारण मला जास्त लागलं. स्वार्थ असता तर मी समजले असते. माणसं स्वार्थी असतातच. पण त्यांनी वर माझ्या भल्याचा मुलामा दिला होता आणि त्यात माईंना ओढलं होतं. आत माई पोळ्या लाटत होत्या. त्यांना ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांच्या हातचं पुन्हा कधी खाल्लंही नाही. निलंग्याच्या मुलाला मी नकारच दिला असता कदाचित. धारूरच्या मास्तरालाही. पण तो नकार माझा होता. आमच्या ओसरीवर बसून, आमचाच चहा पीत, माझ्या बापाला देव दाखवणारा हा माणूस माझ्या वाट्याचं 'नाही' परस्पर म्हणत होता, आणि मी त्याच वेळी आरशात माझं नाक बघत होते.

"तुमीच काढा ती अट," मी म्हटलं आणि खुर्ची सोडली.

ते बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी अप्पांना पडद्याकडे बघून टाइप करताना पाहिलं. एका बोटानं, एक एक अक्षर मागे खोडत. अट गेली, त्यांनी यादी काढली, कागद माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि जिना उतरले. क्लासला परत गेले नाही.

घरी सांगितलं. आई रडली. नाना म्हणाले, "मोठा मानूस हाय. बोभाटा करू नको. तुझंच नाव खराब व्हईल." म्हणजे अप्पांनी केलं ते गावात कुणाला कधी कळलं नाही. मंडळानं त्यांचा सत्कार केला, शाल दिली, त्यात समाजाचं काम कंप्युटरवर आणणारे पहिले म्हणून त्यांचा उल्लेख झाला. नाना त्या सत्काराला गेलते. मी नानांनाही त्याबद्दल पुरतं माफ केलेलं नाही.

पुढं माझं लग्न लातूरला झालं, मंडळाच्या यादीतून नव्हे, एका मावशीच्या ओळखीतून. नवरा बरा आहे. धाकटीचंही झालं, पण परळीचं ते स्थळ नाही, आणि ती अजून माझ्याशी जपून बोलते. मी एका कॉलेजात कंप्युटर शिकवू लागले आणि लातूरच्या मंडळानं विचारलं तेव्हा त्यांच्या यादीचं कामही घेतलं. का घेतलं, असं नवऱ्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, मला येतं म्हणून. खरं कारण असं की दुसऱ्या कुणाच्या हातात ते असावं हे मला सोसलं नसतं. नवीन मुलगा कामाला आला की त्याचा प्रोग्रॅम मी सुरुवातीपासून वाचत नाही. आधी अटी वाचते.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दारात अप्पा उभे. वाळलेले, हातात काठी. माई गेल्याचं मला कळलं होतं. मी भेटायला गेले नव्हते. आता आत या म्हणावं लागलं. पाणी दिलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलाच्या मुलीचा, म्हणजे नातीचा बायोडाटा.

"पोरानं तितं पुन्याला कसल्या वेबसायटीवर टाकलंय म्हने," अप्पा म्हणाले. "मला त्यातलं कळत न्हाई. मंडळाच्या यादीत यावं असं वाटतं. तू टाक."

मी टाकलं. त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही; कागदावर होतं तेच भरलं. झालं म्हणून उठणार तर ते म्हणाले, "आता मुलाकडच्यांना देतेत ती यादी काढून दाखीव."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते काठीच्या मुठीकडे बघत होते. मी यादी काढून हातात दिली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बोट एकेका ओळीवरून खाली आणलं आणि नातीच्या नावापाशी थांबवलं. "आलंय," म्हणाले. मग पुन्हा एकदा वाचलं.

"अंबाजोगाईच्या मंडळाचे अध्यक्ष तुमचे जुने ओळखीचे," मी म्हटलं. "त्यांच्याकडं द्यायचा कागद. माझ्याकडं इतक्या लांब कावून आलात?"

"तू तसं करनार न्हाईस," अप्पा म्हणाले. "म्हनून तुझ्याकडं आलो."

त्यांना माझी अशी खात्री होती, आणि ती खात्री वापरायला ते एसटीनं दोन तास बसून आले होते. त्यात माफी होती का, कुणास ठाऊक. मला ती ऐकू आली नाही.

"मला बी तुमची अशीच खात्री व्हती, अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी यादीची घडी घातली, ती खिशात नीट बसेना, पुन्हा घातली. मग अंबाजोगाईची गाडी किती वाजता आहे, असं विचारलं. मी वेळ सांगितली. स्टँडपर्यंत सोडायला गेले नाही.